भद्रावती ते बल्लारशाह: संत थॉमसच्या सणाची पायी वारी

३ जुलै हा संत थॉमसचा सण. थॉमस हा येशूच्या बारा प्रेषितांपैकी, म्हणजे त्याने निवडून पाठवलेल्या शिष्यांपैकी एक. आम्ही २ तारखेला भद्रावतीहून निघतो, चंद्रपुरात मुक्काम करतो आणि सणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बल्लारशाहच्या कॅथेड्रलमध्ये (बिशपच्या मुख्य चर्चमध्ये) पोचतो. पहिला टप्पा साधारण २६ किलोमीटरचा, दुसरा १५-१६. अंतर फार नाही, पण दिवस आर्द्राचे. एक तर झड लागलेली असते, नाहीतर अंग भिजवणारा उकाडा.

पांदणीने जवळ पडतं म्हणून तिकडे वळू नये. काळी माती ओली झाली की पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते, चपलेचा अंगठा तुटतो आणि एक माणूस थांबला की सगळी रांग थांबते. डांबरी रस्ताच धरावा आणि उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारे कोळशाचे ट्रक दिसतात. ताडोबाचं जंगल लांब नाही. चांगलं फटफटल्याशिवाय निघायचं नाही आणि आडोशाला एकट्याने जायचं नाही. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरतो. चाळीस जणांना २० लिटरच्या आठ कॅन लागतात, त्या मागच्या टेम्पोत असतात.

पहिल्या दिवशी बारा थांबे, साधारण दर दोन किलोमीटरला एक. प्रत्येक थांब्यावर प्रेषितांच्या मतांगिकाराचं, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीचं, एक कलम घेतो. बारा प्रेषितांनी एकेक कलम सांगितलं, अशी जुनी कथा वाटेत कोणीतरी सांगतंच. इतिहास तसा नाही. रोमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी जे प्रश्न विचारले जात, त्यांतून हा मतांगिकार हळूहळू घडला. तरीही त्याचं नाव योग्यच आहे, कारण त्यात आहे ती प्रेषितांचीच शिकवण.

म्हणताना एक अडचण हमखास येते. चाळीस जणांची रांग शंभरेक मीटर लांबते. पुढच्यांचं वाक्य संपतं तेव्हा मागचे अजून अर्ध्यावर असतात, आणि तिसऱ्या वाक्याला शब्द एकमेकांवर आदळून मागचे नुसते पुटपुटतात. म्हणून मतांगिकार तोंडपाठ असलेले तीन जण पुढे, मधे आणि मागे ठेवतो. रांग मिटून उभी राहते, पुढच्याने हात वर केला की तिघं एकदम सुरू करतात.

प्रेषितांपासून चालत आलेली शिकवण, म्हणजे परंपरा, हा कानगोष्टींचा खेळ, पहिल्याने एक सांगितलं आणि शेवटच्याला भलतंच ऐकू आलं, असं अनेकांना वाटतं. प्रेषितांनी श्रद्धा सोपवली ती कानात कुजबुजून नव्हे. येशूला दगा देणाऱ्या यहूदाची प्रेषितांमधली जागा भरताना सुमारे १२० जण जमले होते, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. अट उघड सांगितली गेली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत सोबत असलेला माणूस हवा. दोन नावं पुढे आली, प्रार्थना झाली, चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली.

पण बाराव्या अध्यायात हेरोद राजाने जब्दीचा मुलगा याकोब या प्रेषिताला मारलं, तेव्हा त्याच्या जागी कोणाला निवडल्याचा उल्लेख नाही. पुनरुत्थित प्रभूला डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष कोणी कोणाला वारशाने देऊ शकत नाही. शिकवण्याची, संस्कार देण्याची आणि कळप सांभाळण्याची जबाबदारी मात्र सोपवता येते, आणि बिशपांकडे ती आली. हा फरक समजावताना सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून चौथ्या थांब्यावर पंधरा मिनिटं यालाच देतो.

पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं तेव्हा चार शुभवर्तमानं अजून लिहून व्हायची होती. बाप्तिस्मा होत होता, भाकर मोडली जात होती. आपल्याला मिळालं तेच तुम्हाला दिलं, असं तो त्यांना सांगतो. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातल्या एका वाक्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते. तोंडी आणि लेखी, दोन्ही वाटांनी आलेलं धरून ठेवा, असं थेस्सलनीकाकरांना सांगितलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेच मांडलं: पवित्र शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून वाहतात.

आपल्याकडे प्रेषितांची गुप्त शिकवण आहे, असं सांगणारे दुसऱ्या शतकातही होते. संत इरेनियसने लहानपणी स्मिर्नाच्या पॉलिकार्पला ऐकलं होतं आणि पॉलिकार्पला प्रेषित योहानाचा सहवास लाभला होता. सन १८० च्या सुमारास इरेनियसने उत्तर दिलं: गुप्त काही असतं, तर प्रेषितांनी ते ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच आधी सांगितलं असतं. मग त्याने रोमचे बिशप क्रमाने मोजले. लिनस, अनाक्लेटस, क्लेमेंट, असं करत त्याच्या काळचा एल्युथेरियस बारावा. पुढे ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने नियम घातला की नव्या बिशपची दीक्षा किमान तीन बिशपांनी मिळून द्यावी. आजही आधी शांतपणे डोक्यावर हात ठेवतात, मग उघडं शुभवर्तमान डोक्यावर धरून दीक्षेची प्रार्थना म्हणतात.

दुसऱ्या दिवशीची वाट छोटी, पण बोलायला भरपूर. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, लॅटिन विधीचा, म्हणजे रोमन उपासनापद्धतीचा. १९६२ मध्ये चांदा (आजचं चंद्रपूर) हे सीरो-मलबार चर्चचं, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या विधीच्या कॅथलिक चर्चचं, मिशनक्षेत्र झालं. ते चर्च आपली मुळं संत थॉमसपर्यंत नेतं, जो परंपरेनुसार सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला. विधी दोन, श्रद्धा एक, पोपही एकच, आणि दोन्ही आपल्या विदर्भात!

नागपूर-अमरावतीकडच्यांना बल्लारशाहला मिस्सेत थोडं अडखळायला होतं. तिथे शांतीची देवाणघेवाण मुख्य अर्पण-प्रार्थनेच्या आधी होते, आपल्याकडे ‘हे आमच्या बापा’नंतर. सणाला मतांगिकारही प्रेषितांचा नसून नायसियाचा, म्हणजे त्या परिषदेच्या नावाचा आणि जास्त लांब, असतो. दिवसभर बारा कलमं घोकलेल्यांच्या तोंडात तो पटकन बसत नाही. म्हणून चंद्रपूरच्या मुक्कामी, पाय गरम पाण्यात सोडून बसलं की, झेरॉक्स वाटतो आणि तो दोनदा मोठ्याने म्हणून घेतो.