हिट रेशो ९९ टक्के, तरीही क्वेरी संथ का?

पोस्टग्रेस या डेटाबेसचा एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर) आणि त्याच्या जोडीला दोन-तीन रेप्लिका (त्याच्या डेटाची प्रत ठेवणारे सर्व्हर) अशी मांडणी असली, की डॅशबोर्डवर सर्वांत वर हमखास एक हिरवा आकडा झळकत असतो: संपूर्ण क्लस्टरचा, म्हणजे या सगळ्या सर्व्हरचा मिळून, कॅश हिट रेशो. मागितलेल्या डेटापैकी किती टक्के मेमरीतल्या कॅशमध्येच सापडला, हे तो सांगतो. माझ्या मते तो आकडा तिथून काढून टाकावा आणि त्या जागी प्रत्येक नोडवर (सर्व्हरवर) सेकंदाला किती मिस होतात, म्हणजे किती मागण्या कॅशमध्ये सापडत नाहीत, याचा आलेख लावावा.

सेकंदाला डेटाच्या २०,००० ब्लॉकांची (तुकड्यांची) मागणी असताना रेशो ९९ वरून ९८ वर आला, तर पाहणाऱ्याला ती किरकोळ घट वाटते. प्रत्यक्षात मिस २०० वरून ४०० वर, म्हणजे थेट दुपटीवर गेलेले असतात. सगळ्या नोडांची बेरीज केली तर दिशाभूल आणखी वाढते. समजा, प्रायमरीवर ९०,००० मागण्यांमागे ९० मिस आहेत आणि रिपोर्टसाठी राखून ठेवलेल्या रेप्लिकावर अवघ्या २,००० मागण्यांमागे ६००. एकत्रित रेशो ९९.२५ टक्के येतो आणि दर दहा मागण्यांपैकी तीन कॅशमध्ये न सापडणारी ती रेप्लिका त्या आकड्यात बेमालूम लपून जाते.

पोस्टग्रेसमध्ये ही आकडेवारी प्रत्येक सर्व्हर आपापली ठेवतो, प्रायमरीचे काउंटर रेप्लिकावर उतरत नाहीत. त्यामुळे ‘पीजी_स्टॅट_डेटाबेस’ हा व्ह्यू (आकडेवारीचा तक्ता) नोडागणिक वेगळा वाचावा लागतो. त्यातले हिट आणि रीडचे आकडे मागच्या रीसेटपासून साठत आलेले असतात, म्हणून दोन वाचनांमधला फरकच कामाचा. सर्व्हर क्रॅश होऊन उठला की ते शून्यावर येतात, पण प्रोमेथियस या मॉनिटरिंग साधनाचे ‘रेट’ फंक्शन ही घसरण सांभाळून घेते.

खरी गोम मात्र ‘रीड’ या रकान्यात आहे. तिथे नोंदलेला ब्लॉक शेअर्ड बफरमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशमध्ये, सापडला नाही, एवढेच त्यातून कळते. तो डिस्कवरून आला की लिनक्सच्या पेज कॅशमधून (ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत ठेवलेल्या प्रतीतून), हे पोस्टग्रेसला ठाऊक नसते. शेअर्ड बफरचे मूळ सेटिंग १२८ एमबी आहे, आणि ते तसेच ठेवलेल्या सर्व्हरवर तर असे फसवे मिस भरपूर दिसतात. ‘ट्रॅक_आयओ_टायमिंग’ हे सेटिंग मुळात बंद असते. ते चालू केले की वाचनाला लागलेला वेळ मिलिसेकंदांत मिळू लागतो. मिस वाढले आणि प्रत्येक रीडमागचा वेळही वाढला, तरच मी रात्री कुणाला उठवावे असे मानतो.

रात्रीच्या रिपोर्टचे मिसही वेगळे काढायला हवेत. शेअर्ड बफरच्या एक चतुर्थांशाहून मोठा टेबल सलग वाचताना पोस्टग्रेस छोटे रिंग, म्हणजे तेच ते मोजके बफर फिरवून, वापरते, त्यामुळे रीडचा आलेख उंच जातो, पण इतरांचा कॅश फारसा हलत नाही. २०२३ साली आलेल्या १६व्या आवृत्तीतला ‘पीजी_स्टॅट_आयओ’ हा व्ह्यू अशी वाचने ‘बल्करीड’ म्हणून आणि व्हॅक्यूमची (मृत नोंदींच्या साफसफाईची) वाचने वेगळी दाखवतो, तेव्हा अलर्ट क्लायंटच्या ‘नॉर्मल’ वाचनांपुरता ठेवणे शक्य झाले आहे.

रीस्टार्ट झालेल्या रेप्लिकावर काही काळ मिस वाढणारच. ‘पीजी_प्रीवॉर्म’ या पोस्टग्रेसच्या जोड-मॉड्यूलचे ऑटोप्रीवॉर्म चालू असेल, तर बफरमधल्या ब्लॉकांची यादी दर ३०० सेकंदांनी जपून ठेवली जाते आणि रीस्टार्टनंतर ते ब्लॉक परत भरले जातात. तरीही त्या नोडचा मिसचा आलेख जुन्या पातळीवर येईपर्यंत लोड बॅलन्सरमध्ये (मागण्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेत) त्याच्या वाट्याला मी कमीच ट्रॅफिक ठेवतो.