ट्रामाडॉल लिहिताना ते बंद कधी करायचं, हेही ठरवा

गुडघ्यांची झीज, जुनी कंबरदुखी यांसाठी फॅमिली डॉक्टर जे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, लिहितात ते बहुतेक वेळा ट्रामाडॉलच. ३७.५ मिलिग्रॅम, जोडीला ३२५ पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामकानं पित्त होतं, किडनीची धास्ती असते, म्हणून ही ‘सौम्य’ गोळी. ती सौम्य नाही. एप्रिल २०१८मध्ये ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली.

लिहिण्याआधी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. त्यात फ्लुओक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं निघाली, तर यकृतात ट्रामाडॉलचं खरं वेदनाशामक रूप नीट तयारच होत नाही. दुखणं थांबत नाही म्हणून डोस वाढतो, आणि मग थरथर, घाम, छातीत धडधड. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर झोपेत श्वास मंदावतो. पूर्वी कधीही फीट आली असेल तर ही गोळी नकोच.

सुरुवात रात्रीच्या एका गोळीनं. मळमळ, गरगरणं बहुधा काही दिवसांत ओसरतं, बद्धकोष्ठ ओसरत नाही. त्यावर घरोघरी इसबगोल घेतलं जातं, ते इथं चुकीचं: आतड्याची हालचालच मंदावलेली असते, त्यात भुसा फुगून बसतो. सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिल, म्हणजे आतड्याला हलवणारं रेचक, पहिल्या रात्रीपासून द्या.

चार आठवड्यांनी ‘दुखतं का?’ एवढंच विचारून भागत नाही. जिना चढता येतो का, भाजी आणायला जाता येतं का? काहीच फरक नसेल तर डोस वाढवू नका, गोळी हळूहळू उतरवायला घ्या.

वर्षभर रोज चार गोळ्या चालू असतील तर एकदम बंद करणं हा पेशंटवर अन्याय आहे. महिन्याला अर्धी गोळी कमी करा: साडेतीन, तीन, अडीच. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मात्र कधीही मोडायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. शेवटची एक गोळी सर्वांत जड जाते.

डोस उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी जांभया, नाक गळणं, जुलाब, रात्री पायांची तगमग सुरू झाली की घरचे म्हणतात, ‘बघा, गोळीशिवाय चालतच नाही.’ तो गुडघा नव्हे, औषध उतरत असल्याची खूण आहे. अशा वेळी आधीच्या डोसवर परत या, दोन-तीन आठवडे तिथेच थांबा आणि पुढची पायरी पाव गोळीची ठेवा.