जुलैत बेळगावला थंडाव्याची चाचणी: जाणाऱ्यांसाठी टिपणं

डिटेक्टरमधल्या थंड ठेवायच्या पट्ट्यांच्या चाचणीसाठी पावसाळ्यात बेळगावला जाणार असाल तर क्रम आधीच ठरवून घ्या: गरम पाण्याची चाचणी पहिल्यांदा, थंड चाचणी शेवटी. का, ते पुढे येईलच.

आम्ही पुण्याहून गाडीने दोन नमुना-पट्ट्या नेल्या. वर-खाली कार्बन फायबरचे पातळ पत्रे, मधे कार्बन फोम आणि फोममधून गेलेली जेमतेम दोन मिलिमीटरची टायटॅनियमची नळी. कणभौतिकीच्या डिटेक्टरमध्ये अशाच पट्ट्यांवर कण टिपणारे सिलिकॉन संवेदक बसवतात. किरणोत्साराने संवेदक जुने होत जातात तसा त्यांतला गळतीचा, म्हणजे नको असलेला, वीजप्रवाह वाढतो आणि तापमान साधारण ७ अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की प्रवाह. हे चक्र सुटलं की संवेदक हातचा गेलाच. म्हणून सर्नमधल्या ॲटलस आणि सीएमएस या प्रयोगांच्या नव्या ट्रॅकरमध्ये (कणांचा माग काढणाऱ्या भागात) नळीतच द्रवरूप कार्बन डायऑक्साइड उकळवून उणे ३५ अंश किंवा त्याहूनही खाली थंडावा देण्याची योजना आहे. नळी आणि फोममधल्या गोंदात कुठे पोकळी राहिली तर हा सगळा थंडावा वाया. ती पोकळी शोधायची, एवढंच आमचं काम.

कागलच्या पुढे दूधगंगा ओलांडली की कोगनोळीचा नाका. इथे कागदपत्रं हाताशी ठेवा. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, माल दुसऱ्या राज्यात पाठवत असाल तर किंमत कितीही किरकोळ असो, ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन नोंदपत्र) लागतं. 'नमुनाच तर आहे' म्हणून भागत नाही. निपाणीच्या पुढे तवंदी घाट आणि हत्तरगीनंतर वंटमुरी घाट लागतो. पट्ट्या डिकीत आडव्या टाकू नका, मांडीवर घेऊन बसा. रेल्वेने जाणार असाल तर गॅसचा भरलेला सिलिंडर सामानात नेता येत नाही. थंड चाचणीत पट्टीभोवतीची हवा कोरडी ठेवायला नायट्रोजन लागतो, तो बेळगावातच घ्या. वेल्डिंगवाल्यांना आरगॉन पुरवणारे नायट्रोजनही देतात.

काम उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखान्यात होतं. कार्बन डायऑक्साइडचा प्लांट तिथे नाही, साधा चिलर (द्रव गार करून फिरवणारं यंत्र) आहे, आणि त्यात सिलिकॉन तेल. थंड झालं की हे तेल दाट होतं आणि दोन मिलिमीटरच्या नळीतून मोठ्या मिनतवारीने सरकतं. शिवाय उकळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं तापमान नळीभर जवळपास सारखं राहतं, तेलाचं वाटेत चढत जातं. त्यामुळे आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे पीटी-१०० (तापमान मोजणारा प्लॅटिनमचा संवेदक) लावा आणि प्रवाह उलटा फिरवूनही मोजा. पीटी-१०० तपासायला बर्फाचं पाणी उत्तम. उकळतं पाणी वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे. पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं.

आता दव. खोलीत २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, १९ च्या वर असतो. म्हणजे नळाच्या पाण्याहून थोडं गार काहीही ठेवलं की त्याला घाम फुटणार. पट्टी उणे १० वर नेली की पांढरं लोणी माखल्यासारखी दिसते आणि थर्मल कॅमेऱ्यात त्या बर्फाचंच तापमान उमटतं, पट्टीचं नव्हे. उपाय म्हणजे ॲक्रिलिकची पेटी आणि आत सतत कोरडा नायट्रोजन. पेटी शहरात कुठलाही बोर्ड बनवणारा कापून देतो. पण कॅमेऱ्याला ॲक्रिलिकमधून काही दिसत नाही. एका बाजूला भोक ठेवून त्यावर पातळ पॉलिथिन ताणून बसवा, आणि त्या पॉलिथिनमुळे आकड्यात किती फरक पडतो ते ठाऊक तापमानाच्या काळ्या पत्र्यावर आधी बघून घ्या. टायटॅनियमचा उघडा भाग चकचकीत असल्याने त्यात आपलंच तोंड दिसतं. त्यावर काळा रंग मारा.

नळीची जोडणी करून देणारे मामा लेथवर आयुष्य काढलेले. कणभौतिकीशी त्यांना देणंघेणं नाही, नळीशी आहे. म्हणाले, "सर, लई आवळू नका, चेपंल. खरं सैलबी ठेवू नका, गळंल." पितळेचे दोन अर्धगोल तुकडे कातून त्यांनी नळीला बाहेरून आधार दिला, गळती नावाला नाही. विदेशी फिटिंगची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. बेळगावात ओतकाम आणि कातकाम जाणणारे हात आहेत, चित्र काढून द्या आणि दोन दिवस धीर धरा.

तर, गरम पाणी आधी का? पोकळी शोधायला थंडी लागतच नाही. नळीतून एकदम ५० अंशांचं पाणी सोडलं की थर्मल कॅमेऱ्यात पत्र्यावर नळीच्या रेषेत उष्ण पट्टा उजळतो आणि गोंद सुटलेल्या जागी तो तुटतो. दव नाही, नायट्रोजन नाही. आमच्या एका पट्टीत टोकाकडे बोटाच्या पेराएवढी जागा अंधारी राहिली ती अशीच सापडली. मग तेवढीच पट्टी पेटीत घातली.

वीज गेली तर झाकण उघडायची घाई करू नका. पंप आणि चिलर थांबतात, नायट्रोजनचा सिलिंडर चालूच राहतो. पट्टी दवबिंदूच्या वर येईपर्यंत त्याचा प्रवाह सुरू ठेवा. जेवणाची चिंता नाही, कुंदा परतीच्या दिवशी घ्या, ताजा मिळतो. उणे तापमानाच्या वारंवार फेऱ्यांची चाचणी मात्र जानेवारीत ठेवा, तेव्हा हवा कोरडी असते आणि नायट्रोजन निम्म्याने वाचतो. चिलर रिकामा आहे का ते आठवडाभर आधी विचारा; पेटी आम्ही तिथेच ठेवून आलो आहोत.