पोरं, चर्च आणि आमची गेलेली अब्रू

चर्चमधे सगळ्यात लक्ष देऊन कोण ऐकतं माहितीये का, पाच वर्षांच्या आतली पोरं. खरंच सांगते. आपल्याला मोठ्यांना कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी डोळे मिटायचे हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की डोक्यात कुकरची शिट्टी चालू असते आणि तोंडाने प्रभूची प्रार्थना. पोरांचं तसं नसतं. ती शब्द न् शब्द ऐकतात आणि मग सगळा घोळ तिथेच होतो.

आमचं नगरचं जुन्या मिशनच्या वळणाचं चर्च, म्हणजे लाकडी बाकं, उंच छत, आणि आवाज असा घुमतो की दुसऱ्या बाकावर कुजबुजलेलं मागच्या पंख्याखाली ऐकू येतं. तर एका रविवारी सगळी मंडळी एका सुरात "आमची ऋणे आम्हाला सोड" म्हणत होती आणि आमच्या थोरलीने आदल्याच दिवशी बाबाला विचारलं होतं की ऋण म्हणजे काय, त्याने सांगितलं कर्ज, गाडीचं असतं ना तसं. प्रार्थना संपून आमेन झालं आणि त्या शांततेत बाईसाहेब खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाबा, आता हप्ता भरायचा नाही ना?" पुढच्या बाकावर बँकेतले एक काका बसतात, त्यांचे खांदे पार आशीर्वाद होईपर्यंत हलत होते.

गीतांच्या नंबरांचं तर वेगळंच. भिंतीवर तो लाकडी बोर्ड असतो ना, त्यावर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावलेले. नाताळच्या सुट्टीत माहेरी सगळ्यांनी मिळून हौजी खेळली होती, नंतरच्याच रविवारी पाळकसाहेबांनी "गीत क्रमांक..." म्हणून आकडा सांगितला आणि धाकटा बाकावर उभा राहून ओरडला, "लाइन!" आणि ओरडून थांबला नाही, बक्षीस मागायला पुढे निघाला. शर्टाची कॉलर हातात आली म्हणून वाचलो.

आणि झांज. आमच्याकडे गाताना पेटी, तबला आणि झांज लागतेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मधे ख्रिस्ती झाले, नगरला राहिले, आणि अभंग-भजनाच्या वळणाची इतकी गीतं लिहून ठेवली की आजही उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचंच नाव. त्यांच्याआधी मंडळी बरीचशी इंग्रजीवरून भाषांतर केलेली गीतं विलायती चालींवर गायची. टिळकांचे उपकार आहेतच, पण एक आई म्हणून सांगते, ऑर्गनवरच भागलं असतं तर पोरांच्या हाती लागण्यासारखं काही उरलं नसतं. झांज वाजवणारे आजोबा प्रेमाने एकदा धाकट्याला "घे बाळा" म्हणाले आणि त्याने ती घेतली ती घेतलीच, गीत संपलं, शास्त्रवाचन सुरू झालं, बाईंनी "प्रभूचे वचन" म्हटलं की हा छन्न!

अर्पणाच्या थैलीत टाकायला मी त्याला दहाची नोट देते. त्याने ती टाकली, आणि थैली पुढे सरकवणाऱ्या भाऊंचा हात घट्ट धरून म्हणाला, "पाच परत द्या." किराणा दुकानात पाठवताना मीच शिकवलंय ना, सुटे घेतल्याशिवाय हलायचं नाही.

प्रवचनात पाळकसाहेब म्हणाले "आणि शेवटी". थोरलीने लगेच माझी पर्स काखेला लावली, पायात सॅंडल चढवले, भावाला पण उठवलं. पुढे बराच वेळ प्रवचन चालूच. मग दुसऱ्यांदा "शेवटी". तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "मम्मी हे खोटं बोलतायत." मला घाम फुटला पण खरं सांगू का, मागून कोणीतरी हळूच "बरोबर आहे" म्हटलं, पुरुषाचा आवाज होता आणि मला कोणाचा ते कळलंय.

तशी लांब प्रवचनांची परंपरा जुनी आहे म्हणा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक उचलतात तर मेलेला, मग पौल खाली जातो, त्याला कवटाळतो, तो जिवंत होतो. आणि त्यानंतर? पौल परत वर जाऊन भाकर मोडतो आणि पहाटेपर्यंत बोलतो! धाकट्याची ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे. प्रवचन लांबलं की तो मान वळवून खिडक्यांकडे बघत बसतो, कोण पडतंय का.

पण सगळ्यात वाईट प्रभुभोजनाच्या दिवशी झालं, म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या दिवशी. ट्रेमधले ते इवलेसे पेले, द्राक्षरस, सगळ्यांची डोकी खाली, पेटीसुद्धा बंद. सासूबाईंनी पेला उचलला, तेवढ्यात धाकटा त्यांच्या मांडीवरून हात उंच करून म्हणाला, "आजी, चिअर्स!" बरं एवढ्यावर थांबावं ना, तर पुढे, "मामाच्या लग्नात बाबा म्हणाले तसं म्हण." सासूबाई महिला मंडळाच्या सेक्रेटरी आहेत आणि त्यांना आजवर वाटत होतं की त्यांचा मुलगा लग्नात सरबतच प्यायला. नवरा गीताच्या पुस्तकात असा काही शिरला की पुस्तक उलटं आहे हे पण त्याला दिसलं नाही.

बाहेर आल्यावर सलाम-सलाम चालू होतं तेव्हा पाळकीणबाई माझा हात दाबून म्हणाल्या, असू द्या हो, बालकांना माझ्याजवळ येऊ द्या असं प्रभूनेच म्हटलंय. मी हो हो म्हटलं. आता या रविवारी परत प्रभुभोजन आहे आणि सासूबाईंनी कालच जाहीर केलंय की त्या पुढे बसणार, आम्ही मागे दाराजवळ बसायचं, आणि बाबांना वेगळ्या बाकावर बसवायचं.