राखाडी फर्ग्युसन : लिफ्ट उचलली, पण थांबत नाही

माझ्या जुन्या राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टरची दुरुस्ती चालू आहे; त्याचं इंजिन सुरू झालं तिथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. त्यानंतरचा दीड महिना लिफ्टने, म्हणजे तेलाच्या दाबावर नांगर उचलणाऱ्या हायड्रॉलिकने, खाल्ला. इंजिन गोड चालतंय, पण नांगर उचलणारे मागचे दोन्ही हात खाली मान घालून बसलेले. लिव्हर ओढा नाहीतर ढकला, ढिम्म.

पंप गेला असं धरून मी त्याचं सामान शोधायलाही लागलो होतो. मग काकांची आठवण झाली.

आमच्याकडे पूर्वी याच जातीचा टीई २० होता. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून असे पाच लाखांहून जास्त निघाले. त्यातलाच एक आमच्या चिंचोळ्या तुकड्यात फिरायचा. मी चालवायला शिकलो तेव्हा बांधाजवळ आलो की आधी क्लच दाबायचो, मग लिव्हर ओढायचो. नांगर जमिनीतच. काका लांबून ओरडायचे, "अरे पाय काढ! पंप फिरला तर उचलेल ना!" या ट्रॅक्टरात पंप पीटीओच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या, शाफ्टवर आहे, आणि तो शाफ्ट क्लचच्या मागे. क्लच दाबला की चाकं, पीटीओ आणि हायड्रॉलिक तिन्ही गप्प. म्हणून चालता चालताच नांगर उचलायचा आणि मग वळायचं. त्यातही डाव्या ब्रेकचा पायडल क्लचच्याच बाजूला, म्हणजे डावीकडे वळताना एकाच पायाला दोन कामं. छोट्या शेतात दर पाच मिनिटांनी ही कसरत. आताच्या ट्रॅक्टरवर बसलो तरी माझा हात लिव्हरकडे क्लचच्या आधीच जातो.

तर आधी पीटीओचा दांडा पाहिला. टाकलेला होता, मागे शाफ्टही फिरत होता. म्हणजे संशय पंपापेक्षा कंट्रोल व्हॉल्व्हवर, तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवर.

तेल सोडलं तर ताकासारखं पांढरं. गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक तिघांचं तेल एकच, सुमारे २७ लिटर, आणि गिअर लिव्हरचं फाटकं रबर पावसाला मोकळी वाट देत होतं. उजव्या बाजूचं झाकण, ज्यात तेल मोजायची पट्टी असते ते, उघडून हात आत घातला. व्हॉल्व्ह बोटांना लागला, पण दगडासारखा घट्ट. तीन दिवस डिझेल मारत राहिलो. चौथ्या दिवशी पितळी सळईने हलके टोले देताना तो दाणाभर सरकला. तासाभराने आत-बाहेर मोकळा. बोटाला अजून गंजाचा वास येतोय.

डिझेलने आतून धुऊन, नवं रबर बसवून, नवं तेल भरलं. दोन फाळांचा नांगर जोडला. एक झटका, मग सरळ वर.

खरी मजा टॉप लिंकमध्ये, म्हणजे नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या दांड्यात, आहे. नांगरावर ओढ वाढली की ती लिंक मागच्या स्प्रिंगला रेटते, व्हॉल्व्ह हलतो, नांगर जरासा उचलला जातो आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे जेमतेम ११०० किलोचं हे धूड कडक जमिनीतही ओढतं. फाळ दगडात अडकला तर तो भार सुटतो आणि चाकं जागेवर फिरतात, पुढचं तोंड उठत नाही. आधीच्या ट्रॅक्टरांनी असं उलटून माणसं मारली होती, ही रचना करणाऱ्या हॅरी फर्ग्युसनच्या डोक्यात तेच होतं. आमच्या खालच्या तुकड्यात एक खडक होता. तिथे चाकं फिरू लागली की काका मागे वळूनही बघायचे नाहीत. क्लच, रिव्हर्स, नांगर वर, पुढे.

आता भानगड. उचललेला नांगर वर थांबत नाही. मडगार्डवर खडूने खूण केली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटांत हात चार बोटं खाली. व्हॉल्व्ह गळतोय की लिफ्टच्या सिलिंडरच्या रिंगा झिजल्यात हे वरचं झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही. सिलिंडर त्या झाकणाच्या पोटालाच बोल्टने बसवलेला असतो. ते झाकण एकट्याने उचलायचं नाही. मागे एकदा तो मूर्खपणा करून कंबर धरून बसलोय. रविवारी भाचा येतोय. तोवर सीट काढून ठेवतो.