तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडीतली मिरची वाळवायची कशी, आणि कशाला?

पावसाळा सरला की आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कुठेही गाठतो. "काका, आमच्या मिरच्या वाळतच नाहीत हो. एक तर लिबलिबीत होतात, नाहीतर काळ्या पडतात. तुम्ही काय करता?" आणि त्याच्या पाठोपाठ जरा वेगळ्या सुरात दुसरा, "पण मार्केट यार्डात हवी तेवढी मिरची मिळते की, मग हा उद्योग कशाला?" पुण्यात प्रश्न कधी एकटा येत नाही.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. ते पटलं नाही तर पहिल्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

कुंडीतल्या मिरचीतून वर्षाचं तिखट होत नाही आणि ते करायला जाऊही नये. चार किलो पिकलेली लाल मिरची वाळवली की हातात किलो-सव्वा किलो उरते, बाकी सगळं पाणी. आमच्या घराला वर्षाला दोन-अडीच किलो तिखट लागतं, म्हणजे आठ-दहा किलो लाल मिरची हवी. कर्वेनगरातली चार फुटांची बाल्कनी ती कुठून देणार? त्यामुळे वर्षाचं तिखट आम्हीही मार्चमध्ये गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून मिरची आणून, देठं खुडून, कांडपावर कुटूनच आणतो. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला थोडी लवंगी. ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची ख्याती रंगाची. नुसती ब्याडगी घेऊन "यंदाचं तिखट तिखटच नाही" म्हणणाऱ्यांनी मिरचीला दोष देऊ नये.

कुंडीतली मिरची मी ठेवतो ती ताटात वरून घ्यायला. डब्यातलं तिखट तेलात पडायला हवं, शिजायला हवं. ते दहीभातावर तसंच भुरभुरलं तर कच्चट लागतं आणि घशाशी बसतं. घरी वाळवलेली मिरची तव्यावर जराशी शेकून खलबत्त्यात भरड कुटली की ती पिठल्यावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, थालीपिठाच्या लोण्यावर तशीच घेता येते. पिझ्झ्याबरोबर आलेल्या चिली फ्लेक्सच्या पुड्या फ्रीजच्या दारात जपून ठेवणारी बरीच घरं मला माहीत आहेत. काम तेच, फक्त आपल्या मिरचीला वास असतो.

आता वाळवण्याकडे येऊ. वाळवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गच्चीवर पसरलेलं जुनेर आणि त्यावरचा लाल ढीग येतो, आणि तिथेच कुंडीवाल्यांचं चुकतं. कुंडीतलं झाड ढीग देत नाही. आज तीन, परवा पाच, मग चार दिवस काहीच नाही. लोक काय करतात, तर "पुरेशा साठल्या की घालू वाळत" म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात टाकतात. पिशवीत मिरचीचाच दमटपणा मिरचीवर बसतो. दहा दिवसांनी पिशवी उघडाल तेव्हा निम्म्या मिरच्या देठापाशी मऊ पडलेल्या असतात. मग त्या कितीही उन्हात घाला, काळ्याच होणार. माझ्याकडे हंगामभर एक वेताचं सूप बाल्कनीत स्टुलावर असतं. खुडली की त्याच दिवशी मिरची सुपात. नव्या एका कडेला, जुन्या दुसऱ्या कडेला.

खुडायची ती देठाजवळच्या खांद्यापर्यंत लाल झाल्यावर. खांद्याला हिरवी झाक असेल तर घरात, सावलीत, टोपलीत दोन-तीन दिवस राहू द्या. रंग सारखा होतो. शेतकरीही तोडलेली मिरची आधी सावलीत ढीग करून ठेवतात ते याचसाठी. हिरवी असतानाच वाळलेली मिरची कशी दिसते ते पाहायचं असेल तर शनिवारी दुकानाला बांधलेली लिंबू-मिरची पुढच्या शुक्रवारी बघा. पांढुरकी, सुरकुतलेली, आणि दृष्ट काढायलाच बरी.

धुऊ नका. झाड तुमचं आहे, तुम्ही काय फवारलंत ते तुम्हाला माहीत आहे. कोरड्या फडक्याने पुसली की झालं. धुतलेलं पाणी देठाच्या टोपीखाली अडकतं आणि बुरशी तिथूनच धरते. देठही तोडू नका. देठ निघाला की वर भोक पडतं, त्यातून धूळ-दमट आत शिरतं. देठ खुडायचा तो कुटायच्या आधी.

आणि ज्यावर मी वाद घालायला तयार आहे तो मुद्दा: उन्हापेक्षा वाऱ्याची सोय बघा. पुण्यात निम्म्या बाल्कन्या आता सरकत्या काचांनी बंद आहेत. तिथे ऊन भरपूर येतं, म्हणून लोक खुशीत मिरच्या पसरतात. पण मिरचीतून निघालेली वाफ तिथेच कोंडते. काचेमागे ऊबही आणि दमटपणाही. मिरचीची साल मेणचट असते, पाणी तिच्यातून मुळातच सावकाश बाहेर पडतं. भोवतीची हवा हलत नसेल तर ते आत शिजत बसतं. स्टीलच्या ताटात किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पसरलेल्या मिरचीच्या खालच्या अंगाचं तेच होतं. सूप, चाळणी, नाहीतर सुई-दोरा घेऊन देठातून ओवलेली माळ यांतलं काहीही चालेल, खालून वारा लागला पाहिजे. सुई देठातूनच घाला, गरातून नको.

ऊन वाईट नाही. पण मिरचीचा लाल रंग प्रकाशात विटतो. कडक उन्हात पंधरवडा पडलेली मिरची आधी नारिंगी होते, मग सालीवर पांढरे डाग येतात. मी पहिले दोन-तीन दिवस सकाळचं ऊन देतो आणि मग सूप सावलीत, पण वाऱ्यावर सरकवतो. वेळ जास्त लागतो, रंग मात्र राहतो.

पुण्याची हवा या कामाला चांगली आहे, पण तिचं वेळापत्रक पाळावं लागतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली येते. इतकी कोरडी हवा मुंबईकरांना पैसे देऊनही मिळायची नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि वळीव कोसळतो. म्हणून त्या दिवसांत ऑफिसला जाताना मिरच्या उघड्यावर ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, पण पहाटे दव पडतं. सूप संध्याकाळी आत. जून ते सप्टेंबर मात्र वाळवायचा हट्टच नको. पावसाळ्यात पिकलेल्या मिरच्या चिरून मीठ आणि लिंबाच्या रसात घाला. पंख्याखाली, गॅसशेजारी, फ्रीजच्या मागे असे प्रयोग करण्यापेक्षा ती बरणी महिन्यात संपते आणि कटकटही संपते. ओव्हन साठ अंशांच्या आसपास स्थिर ठेवता येत असेल तर चालेल. मायक्रोवेव्हमध्ये मिरची जळते आणि घरभर खकाणा उठतो.

कबुतरांबद्दलही विचारतात. जाळी लावलेली असेल तर प्रश्न नाही, नसेल तर सुपावर मलमलचं फडकं बांधा. ते कबुतरांच्या घाणीसाठी. मिरची खाणारा खरा चोर बुलबुल किंवा पोपट. तिखट लागून पळेल म्हणाल तर तसं होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्याला आणि उंदरांना झोंबतं, पक्ष्यांना ते जाणवतच नाही.

कुठली मिरची वाळते? पातळ सालीची. लवंगी, ज्वाला, आणि मंडईतून आणलेल्या सुक्या मिरचीचं बी टाकून आलेली बहुतेक झाडं. भावनगरी, ढोबळी आणि हल्ली हौसेने लावतात ती हालापेनो जाड गराच्या. त्या अख्ख्या वाळत नाहीत, आतून सडतात. मेक्सिकोत पिकलेली हालापेनो धुरावर वाळवतात आणि तिला चिपोतले म्हणतात, ते उगीच नाही. धुरी द्यायची सोय नसेल तर ती उभी चिरून, पाकळ्या करून वाळवा. भावनगरीचं काय करायचं ते पुण्यात सांगायला नको. मेथी, मीठ, हिंग भरून, दह्यात बुडवून सांडगी करा आणि दहीभाताबरोबर तळा.

वाळली कशी ओळखायची? वाकवली की मोडली पाहिजे, नुसती दुमडली तर अजून चामट आहे. कानाशी हलवली की बी खुळखुळतं. तरी शंका असेल तर वाळलेल्या वाटणाऱ्या मिरच्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून दमट आलं असेल किंवा मिरची पुन्हा मऊ लागली तर परत सुपात. भरायच्या आधी चार-दोन मोडून आत बघाच, कारण बाहेरून लाल आणि आतून करडी बुरशी हा प्रकार पुष्कळ वेळा होतो. अशी मिरची सरळ फेका. 'भाजली की जाईल' हे आजवर मी फार ऐकलंय. दमट मिरचीवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते आणि ते घरच्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही. मूठभर मिरचीसाठी यकृत पणाला लावू नये.

कुटताना तिखटपणा आटोक्यात ठेवायचा असेल तर बी झटकत बसू नका. जाळ बियांत नसतो, बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढरट गाभ्यात असतो. गाभा काढला की मिरची सौम्य होते. बिया राहिल्या तरी चालतात, जरा कडवटपणा येतो इतकंच. तवा मंद ठेवा, मिरची फुगून तिचा वास सुटला की उतरवा. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आणि शेजाऱ्यांची बंद असावी. हातांची आग पाण्याने जात नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा, मग साबण. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने भूत जोलोकियाचं बी मागवून लावलंय, २००७ मध्ये गिनेसने जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली ती. त्याला एवढंच सांगितलं, की हातमोजे घाल, खलबत्ता वेगळा ठेव आणि आजीला चव बघायला देऊ नकोस.

अख्खी वाळकी मिरची अंधाऱ्या कपाटात, घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर राहते. भरड मात्र थोडीथोडी करा, चार-सहा आठवड्यांत संपेल इतकीच. कुटल्यावर वास लवकर उडतो.

पुढच्या वर्षीसाठी बी धरायचं असेल तर ते शेकायच्या आधी काढा. आणि झाडं शेजारीशेजारी असतील तर जरा जपून. मिरची बहुतेक आपल्याच परागावर फळते, पण मधमाश्या लुडबुड करतात. लवंगीच्या शेजारच्या ढोबळीचं फळ यंदा गोडच लागेल, पण तिच्या बियांतून पुढच्या वर्षी तिखट ढोबळी निघू शकते. कुंड्या बाल्कनीच्या दोन टोकांना ठेवून भागत नाही. ज्या फांदीचं बी हवंय तिच्या कळ्या उमलायच्या आधी तिला जाळीदार कापडाची पिशवी बांधा आणि फळं धरली की काढा.