फारसी ‘ये’ने घातलेला पेच

“फारसी सपोर्ट अपूर्ण.” सात आठवडे थांबल्यावर फॉन्ट विकणाऱ्या कंपनीच्या तपासणी विभागाकडून मला आलेलं उत्तर एवढंच. कोणतं अक्षर, कोणता शब्द, काहीही नाही. माझा अरबी-फारसी फॉन्ट आता बाजारात आहे, पण तो मेल आठवला की अजून डोकं तापतं. अरबी-फारसी लिपीत काम करू पाहणाऱ्या कुणाचे तरी तेवढे महिने वाचावेत म्हणून लिहितेय.

मी पुण्यात देवनागरी फॉन्ट करते. पोस्टर आणि मुखपृष्ठांसाठी एक ठसठशीत अरबी-फारसी डिस्प्ले फॉन्ट करायचं मनात आलं ते इराणमधल्या इस्फहानच्या जामे मशिदीवरची चौकोनी कूफी (कोनदार वळणाची जुनी अरबी लिपीशैली) पाहून. रेखाटनाचे दिवस आनंदाचे होते. बहुतेक अक्षरांची चार रूपं: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. अलिफ, दाल, रे, वाव अशी काही डावीकडे जुळत नाहीत, त्यांची दोनच. इब्न मुक्ला या सुलेखनकाराने दहाव्या शतकात अक्षरांची मापं कलमाच्या टिंबावरून ठरवली होती. मीही टिंबच माप धरलं. सगळ्यात जाड वजनात, म्हणजे फॉन्टच्या सगळ्यात ठळक रूपात, गाफ या अक्षराच्या दोन तिरक्या रेघांमधली फट बुजत होती, ती मोकळी करायला आठवडा गेला. बाकी सगळं भराभर झालं.

मग तो मेल. अरबीची २८ अक्षरं, फारसीची ३२. पे, चे, झ्हे, गाफ ही चार जास्तीची मी मन लावून काढली होती. बत्तीसच्या बत्तीस पुन्हा मोजली. फारसी अंक तपासले. काय अपूर्ण आहे, असं विचारणारे चार मेल केले. दोनांना उत्तर नाही, दोनांना “कृपया तपासून पुन्हा सादर करा” हा ठरीव मजकूर. रोज सकाळी फाइल उघडायची, सगळं जागेवर दिसायचं आणि बंद करायची. असा दीड महिना गेला.

शेवटी तेहरानमधल्या एका डिझायनर मैत्रिणीला नमुन्याची पीडीएफ पाठवली. तिचा पहिलाच प्रश्न: “शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ये’ या अक्षराखाली दोन टिंबं कशी? हे तर अरबी झालं.” मग म्हणाली, पीडीएफ नको, फॉन्टच पाठव. तिने आपल्या कीबोर्डवर ‘ईरान’ टाइप केलं आणि स्क्रीनशॉट पाठवला. अलिफनंतरच्या ‘ये’खाली एकही टिंब नव्हतं. नुसता दात, म्हणजे छोटी उभी रेघ, होता, जो बे, ते, नून, ये यांतल्या कशाचाही असू शकतो.

घोळ असा. अरबी ये आणि फारसी ये हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांच्या यादीत, दोन वेगळे वर्ण आहेत, ०६४ए आणि ०६सीसी. फारसी ये सुटा किंवा शब्दाच्या शेवटी आला की त्याला टिंबं नसतात, पण सुरुवातीला आणि मध्ये दोन असतात. मी शेवटचं रूप पाहून चारही रूपांना बिनटिंबाचाच आकार जोडला होता. मला ते दिसलं नाही, कारण मी अरबी कीबोर्डवर टाइप करत होते. त्यावरून येतो तो अरबी ये, आणि तो माझ्याकडे बिनचूक होता. म्हणून सगळ्यात आधी फारसी कीबोर्ड लावून घ्या. काफचंही असंच आहे, अरबी काफ आणि फारसी काफ वेगळे.

मला याचं वाईट जास्त वाटलं, कारण हे दुखणं आपलंच आहे. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी मजकुरात आले की मला खटकतात. मराठी म्हणजे हिंदी अधिक ळ नव्हे, तसं फारसी म्हणजे अरबी अधिक चार अक्षरं नव्हे. हे मला उमगायला हवं होतं.

दुरुस्ती करून पाठवलं. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच तीन शब्द. या वेळी मैत्रिणीने ‘खाने-ये मन’ म्हणजे ‘माझं घर’ टाइप केलं. त्यात ‘खाने’च्या शेवटच्या ‘हे’ या अक्षरावर हमजा ही छोटी खूण बसते. माझ्या ‘हे’ला त्यासाठी अँकरच, म्हणजे खूण कुठे बसवायची ते सांगणारा बिंदूच, दिला नव्हता, म्हणून हमजा भलतीकडे लटकत होता. दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या खेपेला नऊ दिवसांत मंजुरी आली आणि मी खुर्चीत बसून रडले. ज्यांनी चूक पाहिली, त्यांना तिचं एक चित्र मेलला जोडता आलं असतं. तेवढ्याने माझे काही महिने वाचले असते आणि त्यांची एका वेळची तपासणीही.

तपासणीसाठी ‘मी-ख्वाहम’ हा शब्द ठेवाच. त्यात ‘मी’नंतर अर्धी जागा असते: ‘ये’ने शेवटचं रूप घ्यायचं, पण शब्द तोडायचा नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तिथे चौकोन उमटतो. आणि ‘पीच’ टाइप करा. आपला ‘पेच’ याच शब्दावरून आलेला. पेची तीन, येची दोन, चेची तीन, अशी आठही टिंबं खालच्या अंगाला येतात. ठळक वजनात ती एकमेकांना भिडत होती. चेची तीन थोडी लहान करून त्याच्या पोटात सरकवली, तेव्हा कुठे बसली.

अंकांचं सांगायचं राहिलं. फारसी ४, ५, ६ अरबीहून वेगळे दिसतात, आणि उर्दूला फारसीचेच कोड वापरून ४, ६, ७ पुन्हा वेगळे लागतात. उर्दूचा दावा करणार असाल तर ते पर्यायी आकार आधीच काढून ठेवा. मी ते आत्ता काढतेय.